पानबुडीत गेला

जहाजावरच्या लढाईचे सिनेमे मला आवडतात असं मी म्हटलं की ऐकणारा आधी माझ्या लुगड्याकडे बघतो आणि मग हसतो. हसा बापा! बाईनं सिनेमा बघायचा तर देवादिकांचा बघावा, फार तर एखादा रडका बघून डोळे पुसत घरी यावं. आणि ही गोंदियाजवळच्या मुर्री गावची बाई म्हणते, मला तोफा आवडतात, पाणबुड्या आवडतात. आमच्याकडे समुद्र कोणी पाहिलेला नाही. तलाव आहेत, बोड्या म्हणजे लहान तळी आहेत, धानाच्या बांध्या आहेत. खारं पाणी म्हणजे डोळ्यातलं, एवढीच आमची ओळख. तरी आवडतात, खोटं कशाला बोलू? आणि जेवढे आवडतात तेवढाच त्यांच्यावर माझा राग आहे.

राग कशाचा ते आधी सांगते. त्या सिनेमात कप्तान दिसतो. दुर्बीण लावतो, चहा पितो, बायकोचा फोटो बघतो. तोफवाले दिसतात, कानाला यंत्र लावून बसलेला तारवाला दिसतो, एक कुत्रंसुद्धा असतं कधीकधी. पण जहाज चालतं कशानं, ते कोणी दाखवत नाही. खाली भट्टी असते आणि भट्टीत कोळसा आपोआप जाऊन पडत नाही. भट्टीवाला पडद्यावर दोनदाच येतो. एकदा सुरुवातीला, काळ्या तोंडानं दात काढून हसताना, आणि एकदा पाणी आत शिरतं तेव्हा. मधल्या वेळात तो काय करतो, याची त्या सिनेमावाल्यांना फिकीर नाही, मेल्यांना.

माझा नवरा भट्टीवाला होता. त्यांचं नाव मी कधी घेतलं नाही, इथेही घेणार नाही. गोंदियाच्या इंजिन शेडात ते फायरमन होते. सालेकशाच्या जंगलातून गाडी चढावर न्यायची म्हणजे फावडं थांबवता येत नाही, असं ते सांगायचे. घरी आले की पहिल्यांदा विहिरीवर जात. कितीही घासलं तरी डोळ्यांच्या कडा काळ्याच राहत, काजळ घातल्यासारख्या. मला ते फार आवडायचं. सासू चिडवायची, "मायबाई, नवरदेव सुनेपरस सजून आला."

दुसरी मोठी लढाई सुरू होती तेव्हा, इंग्रजांच्या काळात. एक सरकारी सिनेमागाडी आली आणि स्टेशनाजवळच्या मैदानात दोन बांबूंना पांढरं कापड बांधून फुकटात सिनेमा दाखवला. मी पाहिलेला पहिला सिनेमा तोच. आम्ही दोघं जमिनीवर बसलो होतो, अर्थात मी बायांत आणि ते गड्यांत. पडद्यावर पांढरं जहाज, पांढऱ्या कपड्यातले खलाशी, डबलरोटीचे जाड जाड तुकडे, गाणी, हसणं. शेवटी भोंगा घेतलेला एक माणूस उभा राहून ओरडला, "रेलवे के फायरमैन भाइयो! भट्टी तो भट्टी है! यहाँ की झोंको या जहाज की!"

झालं. ते त्या भोंग्यामागे गेले. नुसत्या पगारासाठी गेले असंही नाही. त्यांना दर्या बघायचा होता. सासूनं डोकं आपटलं. "पानी पाह्यलं नाई का तू कवा? इथं तलाव कमी हायेत का?" ते हसून म्हणाले, "माय, तू कायले घाबरतं? भट्टी तं भट्टीच राह्यते." भोंगेवाल्याचंच वाक्य, फक्त आपल्या बोलीत.

ते एकदाच सुटीवर आले. मी विचारलं, दर्या कसा असतो? ते म्हणाले, "मले का मालूम? मी खालीच राह्यतो." मला आधी गंमत वाटली. एवढ्या लांब दर्या बघायला गेलेला माणूस, आणि दर्या त्याच्या डोक्यावर! मग त्यांचा चेहरा पाहिला आणि हसू तिथंच विरलं. घंटी वाजली की कोळसा वाढवायचा, घंटी वाजली की कमी करायचा, वर काय चाललंय ते काही कळत नाही, असं ते म्हणाले. ते गेले ते गेलेच.

मोहफुलांच्या दिवसांत भरती ऑफिसचा जमादार सायकलवरून आमच्या दारात आला. अंगणात आम्ही मोह वाळत घातला होता आणि सासू कोंबड्या हाकत बसली होती. जमादार रायपूरकडचा, हिंदी बोलणारा. माणूस वाईट नव्हता. टोपी काढून तो सासऱ्यांना एवढंच म्हणाला, "पटेल, आपका लड़का पनडुब्बी में गया. सरकार कहती है, लापता है." मग पाणीही न पिता निघून गेला.

आता इथंच सगळी गोम आहे. बाजारातली हिंदी आम्हाला येत होती, पण ती भाजी-मिठाची हिंदी. "बाढ़ में गया" म्हणजे पुरात मेला, "हैजे में गया" म्हणजे पटकीनं मेला. तसंच "पनडुब्बी में गया" म्हणजे शत्रूच्या पाणबुडीनं त्याचा घास घेतला. जमादाराला हे म्हणायचं होतं. आम्ही दोघी बायांनी ते ऐकलं आपल्या कानांनी. पोरगा रेल्वेत गेला, पोरगा फौजेत गेला, तसा पोरगा पानबुडीत गेला! म्हणजे बदली झाली, या जहाजावरून त्या जहाजावर. आणि लापता? ज्याचा पत्ता नाही तो लापता. पाण्याखाली राहणाऱ्या माणसाला कोणता पत्ता असणार? गाव नाही, मोहल्ला नाही, पोस्ट नाही. मी चौथी शिकलेली, सासूला मीच हे समजावून सांगितलं, आणि दोघींना ते अगदी पटलं.

सासूला तर फारच पटलं, कारण पानबुडी तिच्या ओळखीची होती. आमच्या तलावात ते लहानसं करडं पाखरू असतं, पानबुडी. माणूस दिसला की बुडी मारतं. वाटतं, गेलं आता. आणि बऱ्याच वेळानं दुसऱ्याच जागी, कमळाच्या पानांजवळ डोकं वर काढतं. सासू रोज संध्याकाळी तलावाच्या पाळीवर जाऊन बसू लागली. पाखरू वर आलं की घरी येऊन जेवायची. "बुडते अन् निंगते," ती मला सांगायची. "पानबुडी बुडून मेली असं आयकलं का कवा?" बुडत्याला काडीचा आधार म्हणतात. आमची काडी म्हणजे ते पाखरू.

सासरे काही बोलत नसत. फक्त एकदा, पितृपक्ष जवळ आला तेव्हा, भटजीला घेऊन आले. भटजी म्हणाले, माणूस परमुलखात गेला आणि देह हाती आला नाही तर पळसाच्या देठांचा पुतळा करतात, डोक्याच्या जागी नारळ ठेवतात, आणि त्याला अग्नी देतात. नाही दिला तर जीव भटकत राहतो. सासू चुलीतलं जळतं लाकूड घेऊन बाहेर आली. "जित्या पोराले जाळता का? निंगा माझ्या अंगनातून!" मीही तिच्या मागे उभी होते. पुतळा जळला की माझ्या बांगड्या फुटणार होत्या, आणि ते परत आले तर घरात मेलेला माणूस येणार होता. पुतळा होऊ द्यायचा नाही, यावर आम्ही सासू-सुना पहिल्यांदाच एका बाजूला होतो. पितृपक्ष तसाच गेला.

त्यानंतर मी टॉकीजला जाऊ लागले. लोक काय काय बोलले! नवरा लढाईवर आणि ही सिनेमा पाहून राहिली. पण माझा नवरा ज्या घरात राहतो ते घर मी पाहिलेलं नव्हतं, मग बघायला नको? गोंदियाच्या टॉकीजला टिनाचं छत होतं, बायांसाठी बाजूला बांबूच्या तट्ट्यांचा आडोसा केलेली जागा होती. जंक्शनवर गोरे सोल्जर उतरत, त्यांच्यासाठी इंग्रजी लढाईचे सिनेमे येत. आम्हा बाकीच्यांना समजावं म्हणून एक माणूस पडद्याशेजारी उभा राहून हिंदीत सांगायचा. आवाज असा की त्याला भोंगा लागत नव्हता.

तिथं मी पाणबुडीचा सिनेमा पाहिला. माझा सगळ्यात आवडता तोच. लांबुळकी लोखंडी नळी, तिच्यात माणसं दाटीवाटीनं राहतात. पाण्याखाली आहेत, आणि दाढी करतात, पत्ते खेळतात, एकमेकांच्या खोड्या काढतात. वरून शत्रू बॉम्ब टाकतो, दिवे जातात, पत्र्यांच्या सांध्यांतून पाणी ठिबकतं, सगळे श्वास धरून वर बघत राहतात. मग नळी हळूहळू वर आली, झाकण उघडलं आणि एकेक जण बाहेर येऊन मोठ्यानं श्वास घेऊ लागला. मी तट्ट्यामागे उभी राहून रडले. आनंदानं रडले. जिवंत आहेत! असेच आहेत!

दुसऱ्या दिवशी सासूला नेलं. ती जन्मात पहिल्यांदा टॉकीजमध्ये आली होती आणि चपला बाहेर काढून आत गेली. नळी वर आली तेव्हा तिनं माझा दंड असा धरला की निळा पडला. "पाह्य, निंगली!" त्याच सिनेमात मध्ये एकदा पाणबुडीवाले शत्रूचं एक मोठं जहाज बुडवतात. जहाज मधोमध मोडतं आणि धूर ओकत पाण्यात जातं. सगळ्या टॉकीजनं टाळ्या वाजवल्या. सासूनं वाजवल्या, मीही वाजवल्या. त्या जहाजातही भट्टी असेल, भट्टीपुढे कोणाचा तरी नवरा उभा असेल, हे तेव्हा माझ्या मनातही आलं नाही.

पुढे हिवाळ्यात दुसरा सिनेमा लागला. मी एकटीच गेले. या वेळी आपण पाणबुडीत नव्हतो, वरच्या जहाजात होतो. पाणबुडी दिसतच नव्हती. नुसती पाण्यावरून एक पांढरी रेघ येत होती. रेघ येऊन लागली आणि सगळा पडदा हलला. खाली भट्टीच्या खोलीत पाणी घुसलं. तिथून वर यायला एक शिडी आणि तोंडाशी लोखंडी झाकण. खालची माणसं शिडीवर चढून राहिली होती, एकाचा काळा हात वर आलेला दिसला. पाणी वरपर्यंत आलं तर सगळं जहाज जाईल म्हणून साहेबानं हुकूम दिला, आणि एका पोरसवदा खलाशानं झाकण लावून त्याचं चाक फिरवून घट्ट केलं. खालून ठोकण्याचा आवाज आला. बराच वेळ येत राहिला. मग थांबला. जहाज वाचलं. कप्तानानं टोपी काढली, आणि बाजा वाजू लागला.

मग पडद्याशेजारचा माणूस हळू आवाजात म्हणाला, "भट्टीवाले सब पनडुब्बी में गए बेचारे."

जमादाराचेच शब्द होते ते. एक शब्द इकडचा तिकडे नाही. मी तिथं बसल्या बसल्या ते वाक्य पुन्हा पुन्हा ऐकलं आणि प्रत्येक वेळी त्याचा एकच अर्थ निघत होता. सिनेमा संपला, लोक उठले, जागा झाडणाऱ्या बाईनं मला दोनदा हाक मारली.

घरी येऊन मी सासूला सांगितलं, माय, ते नाहीत. पानबुडीत बसून गेले नाहीत, पानबुडीनं मारले. ती तांदूळ पाखडत होती. सूप खाली ठेवून तिनं माझ्या थोबाडीत मारली. "अवदसे! पाट लावायचा हाये तुले दुसरा, म्हून मारतं माझ्या पोराले!" शेजारच्या बाया जमल्या. मग तिचाच आवाज उतरला. "कोनं सांगतलं तुले?" मी म्हटलं, सिनेमात पाहिलं. ती म्हणाली, "मले दाखव."

मी नको नको म्हणत होते. सासरेही पहिल्यांदाच मध्ये पडले, "कायले नेतं तिले?" पण ती ऐकते कोणाचं! दुसऱ्या दिवशी दुपारच्या खेळाला आम्ही गेलो. ती शांत बसली होती. पांढरी रेघ आली, लागली, पाणी घुसलं. झाकण लागू लागलं आणि सासू उठून उभी राहिली.

"अरे, उघडा! दार उघडा! माझा पोरगा हाये आत!"

कोणीतरी हसलं. कोणी ओरडलं, "बैठ जाओ माई." ती तट्ट्या ढकलून गड्यांच्या बाजूनं पडद्याकडे धावत गेली. समजावणाऱ्या माणसाच्या हाताला धरून म्हणाली, "तू सांग ना त्याईले! तुहा आवाज मोठा हाये, तू सांग!" तिची सावली पडद्यावर पडली होती, झाकणावर. आतून ठोकण्याचा आवाज येत होता आणि ती दोन्ही हातांनी कापडावर थापा मारत होती. मग आतलं ठोकणं थांबलं, आणि तिचे हातही थांबले. आता कोणी हसत नव्हतं. त्या माणसानं आपल्या खांद्यावरचा पंचा तिला दिला आणि आम्हाला दारापर्यंत सोडलं.

मुर्रीच्या वाटेवर अर्ध्या रस्त्यात ती थांबली. तिनं विचारलं, "दार कोनं लावलं? दुश्मनानं?"

मी खोटं बोलू शकले असते. पण नाही बोलले. "नाही माय. त्यांच्याच साहेबानं."

तिनं मान हलवली. घरी पोचल्यावर सासऱ्यांना म्हणाली, "पळस तोडून आना." सासरे खाटेवर बसले होते, ते उठलेच नाहीत. खाली बघत म्हणाले, "मले त्याच दिवशी समजलं होतं." सासू म्हणाली, "मंग सांगतलं काऊन नाई?" ते म्हणाले, "तू पानबुडी पाहून जेवत होती. नसतं पाह्यलं तं जेवली नसती." एवढे महिने हा माणूस आपलं दुःख एकटा गिळून बसला होता, आणि आम्ही त्याला दगड समजत होतो.

पुतळा अंगणात झाला. पळसाचे देठ दोऱ्यानं बांधून हात, पाय, छाती केली. भटजी नारळ ठेवू लागले तेव्हा सासू म्हणाली, "एवढुसा? माझा पोरगा उंच होता." मग पायांना आणखी देठ जोडले. मी माझ्या बांगड्या स्वतःच फोडल्या, दुसऱ्या कोणाला हात लावू दिला नाही. बायांनी जाळायला जाऊ नये म्हणतात, सासू गेली. पुतळ्याला जळायला असा किती वेळ लागतो! मूठभर राख उरली.

भटजी म्हणाले, आता ही वैनगंगेला नेऊन सोडा. सासूनं राखेचं मडकं पोटाशी धरलं. "पान्यात नाई." भटजींनी समजावलं, शास्त्र सांगितलं, गती मिळत नाही म्हणाले. ती एकच वाक्य बोलत राहिली. "त्याले आता पान्यात नाई."

मग पाण्यावाचूनची जागा शोधायची वेळ आली. सासऱ्यांना आपल्या जमिनीचा मोठा अभिमान होता, की सगळी बांधी आहे, एक थेंब पाणी वाहून जात नाही. त्याच जमिनीत ते बायकोमागून फिरत होते. ती इथं नको म्हणायची, तिथं नको म्हणायची. चिखलणीला इथं गुडघाभर पाणी, तिथं तलावाची ओल. खळ्याच्या जागेवर थोडी थांबली आणि मान हलवून पुढे निघाली. संध्याकाळी मडकं घेऊन ती घरात आली. धानाची ढोली होती, बांबूची, शेणानं सारवलेली. धानाला ओल लागू नये म्हणून घरातल्या उंच जागी ठेवलेली. तिच्या बुडाशी बसून ती खुरप्यानं जमीन उकरू लागली. सासरे दारातून म्हणाले, "घरात राख?" तिनं वर पाहिलंसुद्धा नाही. मडकं खाली ठेवलं, माती लोटली, दाबली, आणि वर सारवण घालायला मला सांगितलं.

सारवण दुसऱ्या दिवशी वाळलं. तिनं मला बोलावलं. "माह्ये हात ओले हायेत, भांडे घासले. तू लावून पाह्य."

मी तळवा टेकला आणि सांगितलं, "कोरडं आहे, माय."

तेव्हा कुठे ती रडली.